एका केबिनमध्ये दोन विहिणी

"डावीकडचे हँगर माझे, उजवीकडचे तुमचे," मी जाहीर केलं. "औषधं हातातल्या पिशवीतच राहू द्या. मोठ्या बॅगा खोलीपर्यंत यायला संध्याकाळ होते. एकच जाडजूड कोट घालून फिरायचं नाही, पातळ कपडे एकावर एक चढवायचे. आणि ही तुमची दुर्बीण. माणशी एक आणलीय. एकीत दोघी बघायला गेलं की देवमासा निघून जातो."

हेमलताताई घोरपडे, म्हणजे माझ्या विहीणबाई, पलंगाच्या कडेला बसून ऐकत होत्या. दुर्बीण त्यांनी गळ्यात अडकवली आणि मोहनमाळेसारखी छातीवर नीट केली. मग उठल्या आणि खोलीभर हात फिरवायला लागल्या. कपाटाची कड, बाथरूमचा उंबरा, टेबलाचा कोपरा, बाल्कनीच्या दाराची कडी.

धूळ बघतात, मी मनात म्हटलं. कोल्हापूरचं घराणं. घरात मुलगा-सूनही 'आईसाहेब' म्हणतात. जहाज स्वच्छ आहे की नाही याची तपासणी चाललीय.

जहाज अजून सिॲटलच्या धक्क्यालाच होतं. माझी मुलगी मृण्मयी आणि जावई निरंजन तिथेच राहतात. त्यांच्या मुलीला, ओवीला, सांभाळायला मी साताऱ्याहून आले होते आणि माझा मुक्काम संपत आला होता. मी गेल्यावर ओवीला हेमलताताई सांभाळणार होत्या, म्हणून त्या आठवड्यापूर्वीच येऊन दाखल झाल्या होत्या. दोघी आज्या एकत्र आहेत तोवर सगळे मिळून अलास्काची क्रूझ करू, अशी निरंजनरावांची कल्पना. शेजारी शेजारी दोन खोल्या घेतल्या. एकीत ते तिघं, दुसरीत आम्ही दोघी.

मला हे फारसं रुचलं नव्हतं. पण मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई. नावडती कामंही नेटकी करायची मला सवय. तेव्हा मी अलास्कावर जे सापडेल ते वाचलं, व्हिडिओ बघितले, ओवीला भरवता भरवता तिलाही सगळं सांगितलं. जहाज परतीच्या वाटेवर कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं, म्हणून आम्हा भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचाही व्हिसा लागतो, हे मीच शोधून काढलं होतं. त्यावर मी महिनाभर फुगून होते. अलास्का बघितलं नव्हतं, पण मी त्यातली तज्ज्ञ झाले होते.

"किती माहिती हो तुम्हाला," हेमलताताई म्हणाल्या. हे बोलताना त्या माझ्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघत होत्या. त्यांची ही सवय मला पहिल्या दिवसापासून खटकायची. समोरच्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, म्हणजे काय? आम्ही इतके खालचे?

जेवणाच्या हॉलमध्ये तर कहर. हव्या तेवढ्या पदार्थांच्या रांगा मांडलेल्या, ज्याने त्याने आपलं ताट घेऊन वाढून घ्यायचं. मी ताट घेऊन उभी राहिले, तर त्या टेबलाशी बसूनच म्हणाल्या, "तुम्ही घ्याल तेच मला आणा की."

म्हणजे मी वाढपी! मी दोन ताटं भरून आणली. आणताना मनातल्या मनात एक सडेतोड भाषणही तयार केलं. टेबलाशी पोचल्यावर ते भाषण गिळलं आणि म्हणाले, "भातात मासे नाहीत, मी विचारून घेतलंय. इथे शाकाहारी माणसाला प्रत्येक वेळी विचारावं लागतं."

"बरं झालं, तुम्ही आहात ते," त्या म्हणाल्या. आणि मी पुन्हा विरघळले.

ओवीच्या बाबतीतही तसंच. ती नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती. हातात घ्यायची म्हटली की हेमलताताई आधी खुर्ची बघायच्या, त्यात नीट बसायच्या, मांडी ठीकठाक करायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, द्या आता." मी मनात म्हणायचे, महाराणींचा दरबार भरला, आता राजकन्येला हजर करा. एकदा मृण्मयीला म्हटलंसुद्धा, "तुझ्या सासूबाईंना मूल कडेवर घेऊन चार पावलं चालायला काय होतं? मी गेल्यावर कसं व्हायचं या पोरीचं?"

"आई, त्यांचे गुडघे दुखतात. विमानतळावरही व्हीलचेअर घेतली होती त्यांनी," मृण्मयी म्हणाली. "आणि तुला खरं काय हवंय ते मला माहीत आहे."

ते तिला बरोबर माहीत होतं. मला राहायचं होतं. ओवी मला सोडून दुसऱ्या कुणाच्या हाताने जेवायला लागेल, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. पण सुशिक्षित बाईनं असं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मी विहिणीच्या गुडघ्यांवर टीका करत होते.

पहिलं बंदर केचिकन. तिथे पाऊस लागलेला. लाकडात कोरलेले उंच रंगीत खांब बघत आम्ही फिरत होतो. हेमलताताईंनी माझा दंड धरला होता. "काय कोरलंय हो त्याच्यावर?" त्यांनी विचारलं.

बस्स, एवढं मला पुरे होतं. वरचा गरुड, त्याच्याखाली अस्वल, अस्वलाच्या पंजात मासा, कुठला रंग कुठे उडालाय, कुणाचा डोळा कसा वटारलाय, सगळं सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. पुढच्या खांबाशी पुन्हा तेच, "आणि याच्यावर?" इतकी मन लावून ऐकणारी विद्यार्थिनी मला नोकरीच्या उभ्या काळात मिळाली नव्हती.

"आई, जरा श्वास घे," मागून मृण्मयी म्हणाली.

"बोलू दे गं त्यांना," हेमलताताई म्हणाल्या. मी लेकीकडे विजयी मुद्रेने बघितलं.

दुसऱ्या दिवशी हिमनदी होती. सकाळपासून जहाज दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यातून हळूहळू आत चाललं होतं. पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते, काहींवर सील पहुडलेले. मी सगळ्यांना लवकर वरच्या डेकवर नेऊन कठड्याशी जागा धरली होती. कानटोप्या, मोजे, आल्याच्या वड्या, सगळ्याचं वाटप झालं होतं. शेजारच्या टेक्सासच्या कुटुंबालाही मी दोन वड्या दिल्या.

शेवटचं वळण घेतलं आणि समोर ती आली. डोंगरावरून उतरून समुद्रात पाय सोडून बसलेली बर्फाची भिंत. गर्दी एकदम गप्प झाली. मी सोडून.

"निळी आहे, विहीणबाई! पांढरी नाही, निळी. नीळ घातलेल्या पाण्यासारखी. दुर्बिणीतून बघा, दुर्बिणीतून! भेगासुद्धा दिसतील."

त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. थोडा वेळ बघितल्यासारखं केलं. "वा," त्या म्हणाल्या. "किती निळं! आणि भेगा तरी केवढ्या."

मी कौतुकाने त्यांच्याकडे वळले, आणि मला दिसलं की दुर्बिणीच्या दोन्ही भिंगांवरची काळी टोपणं तशीच होती.

मी हसले. साधं नाही, शाळेच्या पटांगणात ऐकू जाईल असं. "अहो विहीणबाई, टोपणं! टोपणं काढा आधी! काळ्या टोपणातून निळी हिमनदी बघितली हो यांनी!"

निरंजनराव हसले, मृण्मयी हसली. भाषा न कळताच टेक्सासचं कुटुंब हसलं. हेमलताताईही हसल्या. "अगंबाई, खरंच की," म्हणत त्यांनी बोटांनी चाचपून एक एक टोपण काढलं. मग दुर्बीण पुन्हा डोळ्यांना न लावता तशीच गळ्यात सोडून दिली.

तेवढ्यात समोरच्या भिंतीचा एक मोठा कडा सुटला. आधी तो नुसता खाली येताना दिसला, अजिबात आवाज न करता. सगळे ओरडले आणि हात दाखवायला लागले. गडगडाट मागाहून आला, डोंगरांवर आपटून चारी बाजूंनी. हेमलताताई त्या गडगडाटाबरोबर दचकून वळल्या. त्यांचं तोंड मोकळ्या पाण्याकडे झालं होतं, हिमनदीकडे पाठ.

"पडला का?" त्यांनी त्या रिकाम्या पाण्याला विचारलं.



खोलीत आल्यावर त्या बाल्कनीत जाऊन बसल्या. मी चहा करून नेला आणि कप त्यांच्या हातात न देता मुद्दाम समोर धरून उभी राहिले. त्यांचा हात आला, पण कपाच्या जरा अलीकडे थांबला. मी कप पुढे करून त्यांच्या बोटांना टेकवला.

"किती दिसतं?" मी विचारलं.

त्यांनी कप दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाल्या, "कडा दिसतात. डोंगर कुठे संपतो, आभाळ कुठे लागतं, ते दिसतं. मधलं दिसत नाही. ज्याच्याकडं बघायला जावं नेमकं तेच पुसतं. म्हणून जरा बाजूला बघायचं. तुमच्या कानाकडं बघितलं की तोंड थोडं थोडं दिसतं."

मी खुर्चीत बसले. उभी राहून ऐकण्यासारखं ते नव्हतंच.

"डॉक्टर म्हणतात, डोळ्याचा पडदा मधोमध झिजतोय. अगदीच अंधार व्हायचा नाही म्हणे."

"निरंजनरावांना माहीत आहे?"

"नाही. सांगितलं असतं तर पोरानं सगळं टाकून मला डॉक्टरांच्या दारोदार फिरवलं असतं. जहाज राहिलं असतं. परत गेल्यावर सांगणारच आहे. ओवीला मी एकटी सांभाळायची नाही, तेवढं मला कळतं. म्हणून तर आत्ताही खुर्चीत नीट बसल्याशिवाय तिला घेत नाही."

महाराणींचा दरबार! मी त्यांच्या कपातून उठणाऱ्या वाफेकडे बघत राहिले. वर बघायची सोय नव्हती.

"मला एवढं एकदा बघायचं होतं," त्या म्हणाल्या. "काय दिसेल ते. आणि बाकीच्याची व्यवस्था मी केली होती."

"कसली व्यवस्था?"

"तुम्हाला काय वाटलं, आपल्या दोघींना एका खोलीत पोरांनी ठेवलं? मी सांगितलं निरंजनला. म्हटलं, मला प्रमिलाताईंच्याच खोलीत ठेव."

"माझ्या? का?"

"तुम्ही गप्प बसत नाही म्हणून."

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"पोरांच्या लग्नात डोळ्याची सुरुवात झाली होती," त्या सांगत होत्या. "कुणाला बोलले नव्हते. मांडवात मी बसलेली, आणि तुम्ही माझ्या मागं उभ्या राहून चाललाय आपल्या, कोण आलं, कुठली पैठणी नेसलीय, कुणाचा फेटा सुटलाय, नवऱ्या मुलाच्या कपाळावर घाम आलाय. बाकीच्या बायका वैतागल्या होत्या. पण मला माझ्या पोराचं लग्न दिसलं ते तुमच्या तोंडून. मग म्हटलं, बर्फही असाच दिसंल की."

इतकी वर्षं मी बोलले, पण माझ्या बोलण्याचा कुणी असा उपयोग केला नव्हता.

"उद्याचं काय?" मी विचारलं. दुसऱ्या दिवशी जुनो बंदर होतं. पोरं हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरणार होती, मी देवमासे बघायच्या बोटीवर जाणार होते आणि ओवी हेमलताताईंपाशी जहाजावर राहणार होती.

"तुम्ही थांबा माझ्यापाशी. काहीतरी सबब काढा. शाळा चालवलीत तुम्ही, तुम्हाला काय अवघड?"

रात्रभर मला तळमळायला पुरेसं कारण होतं. मी तोंड उघडलं असतं तर ओवी माझीच होती. तिकीट पुढे ढकला, मुक्काम वाढवा, सगळं आपोआप झालं असतं. आणि ते मला इतकं हवं होतं, की त्यामुळेच ते बोलायची लाज वाटत होती.

सबब काढण्यात मात्र मी अगदी ढ निघाले. सकाळी पोरांच्या खोलीत जाऊन म्हणाले, "मी काही बोटीवर जात नाही. मला बोट लागते."

मृण्मयीने ओवीच्या पायात मोजा चढवता चढवता वर बघितलं. "आई, तू चार दिवस बोटीवरच आहेस."

"ती मोठी. ही छोटी."

"त्याच्या गोळ्या तू आणल्यास. अख्ख्या मजल्याला वाटल्यास."

"त्या मला चालत नाहीत."

मृण्मयी उठून उभी राहिली. "खरं सांग. तुला ओवीला आईसाहेबांजवळ एकटं सोडायचं नाहीये. आल्यापासून बघतेय मी, त्या कशा बसतात, कशा घेतात, सगळ्यावर तुझी नजर. तू गेल्यावर त्याच सांभाळणार आहेत, आई. तुझ्याशिवायही हिला जीव लावणारं माणूस आहे, हे तुला बघवत का नाही?"

निरंजनराव खिडकीकडे तोंड करून उभे होते. इतका सौम्य माणूस, पण त्यांची मान ताठ झालेली मला दिसली. "आई, हे मात्र बरोबर नाही," ते म्हणाले. "माझी आई आहे ती."

मला उत्तर माहीत होतं, पण ते देता येत नव्हतं. भर वर्गात फळ्याशी उभं केलेल्या पोरीसारखी मी पदराचं टोक चाळवत राहिले. शेवटी म्हणाले, "आहे माझा स्वभाव तसा." हे वाक्य मी त्याआधी जन्मात म्हटलं नव्हतं.

"त्यांना बोलू नका," दारातून आवाज आला.

हेमलताताई चौकटीला हात लावून उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कुणास ठाऊक. "निरंजन, मला दिसत नाही रे नीट. मीच त्यांना थांबायला सांगितलंय."

आणि त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जास्त शब्द वापरले नाहीत. निरंजनरावांचा आधी विश्वासच बसेना. "आईसाहेब, आपण रोज फोनवर बोलतो! रोज!"

"फोनवर बोलायला डोळे लागत नाहीत, बाळा."

ते पुढे झाले आणि त्यांनी आईचे दोन्ही हात धरले. मग लहान मूल धरतं तसा तिचा चेहरा स्वतःच्या ओंजळीत धरून तिच्या डोळ्यांत बघत राहिले. ती त्यांच्या कानाकडे बघत होती. मृण्मयी पलंगावर बसून रडायला लागली, ते बघून ओवीनेही भोकाड पसरलं. मी ओवीला उचलून बाहेर नेलं. जाताना मृण्मयीने माझा हात घट्ट दाबला. माफी मागण्याची आमच्या घरात तेवढीच पद्धत आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. सिॲटलला परतल्यावर डोळ्यांचे डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली. गेलेलं परत आलं नाही, पण राहिलेलं बरंचसं टिकलं. मी अर्ज करून मुक्काम वाढवला. हेमलताताईही थांबल्या. ओवी त्यांच्या मांडीवर बसून जेवायची आणि जमिनीवरचे खडे, टाचण्या, बटणं मी वेचायची. आम्ही भांडलोही पुष्कळ. त्यांच्या मते मी वरणात हिंग कमी घालते.

पण त्या दिवशी जुनोला काय झालं ते राहिलंच. हेलिकॉप्टर रद्द करून सगळेच माझ्या बोटीवर आले. आयत्या वेळी जागा मिळाल्या. निरंजनराव आईला बिलगून बसले होते. पाणी काळंभोर, थंड, बोटीचं इंजिन बंद केलेलं. सगळे चहूकडे बघत होते आणि कुठेच काही नव्हतं.

"आईसाहेब, डावीकडे डोंगर आहे," निरंजनराव सांगायला लागले. "म्हणजे… डोंगरच. त्याच्यावर झाडं आहेत."

"कसली?"

"हिरवी."

हेमलताताईंनी निःश्वास सोडला. "प्रमिलाताई, तुम्ही या इकडं. हा बापावर गेलाय."

मी जाऊन त्यांच्या पलीकडे बसले. अजून सुरुवातही केली नव्हती, तोच त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "ऐका."

मला काही ऐकू आलं नाही.

"तिकडं," त्या म्हणाल्या आणि बोट उजवीकडे मागे केलं. "कुणीतरी श्वास सोडला."

आम्ही सगळे वळलो. बोटीतल्या दुर्बिणी सगळ्या पुढच्या बाजूला रोखलेल्या होत्या. मागे, आम्ही पाचजण बघत होतो तिथे, पाणी फुगलं आणि त्यातून एक काळी पाठ वर आली. येतच राहिली, येतच राहिली. पुन्हा एकदा तो फुत्कार झाला. वाफेचा खांब उठला आणि माशाचा उग्र वास तोंडावर आला. मग पाठ कमानीसारखी वाकली आणि शेपूट वर निघालं. घराच्या छपराएवढं. त्याच्या दोन्ही टोकांवरून पाण्याच्या धारा ओघळत होत्या आणि ते आभाळात तसंच थांबलं.

"काय झालं?" हेमलताताईंनी माझं मनगट हलवलं. "वर आलं का? कसं आहे? बोला की!"

मी तोंड उघडलं. इतकं वाचलं होतं, त्याचं वजन, त्याची लांबी, तो कुठून पोहत येतो आणि काय खातो. त्यातला एक शब्द जिभेवर येईना. डोळ्यांत पाणी भरलं होतं आणि मला ते पुसायलाही वेळ घालवायचा नव्हता.

"थांबा," मी म्हणाले. "जरा बघू द्या मला."

त्या हसल्या. हात माझ्या मनगटावरच होता.

"बघा, बघा," त्या म्हणाल्या. "सावकाश बघा. मी कुठं जातेय?"